कानातली हलगी

शशिधर तोडकराचा डावा कान फुटलेला होता आणि त्याचा त्याला कोण अभिमान. कुस्तीत कान मातीत घासतो, मार खातो, आत रक्त साकळतं. ते वेळेवर काढलं नाही तर सगळा कान वाळल्या सुपारीसारखा टणक होऊन बसतो. शहाणी माणसं अशा वेळी डॉक्टर गाठतात. पैलवान गाठत नाहीत, कारण फुटका कान म्हणजे न बोलता दाखवता येणारं प्रशस्तिपत्रक. उजवा कान मात्र शशिधरचा अजून शाबूत होता, आणि सगळा घोळ झाला तो त्या शाबूत कानामुळंच.

गडमुडशिंगीचं लिंगायत घर. बाप लहानपणीच गेला, आई शिवम्मानं म्हशी राखून पोराला कोल्हापुरात पेठेतल्या जुन्या तालमीत ठेवलं. पोरगं अंगानं रेड्यासारखं वाढलं आणि डोक्यानंही जवळपास तसंच. त्याचा हात आधी चालायचा, तोंड मागून. गल्लीतली माणसं त्याच्याशी बोलताना दोन पावलं लांब उभी राहत आणि त्याला तो मान वाटे.

दोन हजार सहा साली कागलकडच्या एका जत्रेत त्यानं कुस्ती मारली. बक्षीस काय, तर अंगठ्याएवढा एमपीथ्री प्लेअर. मोबाइलचं दुकान काढलेल्या पारस नावाच्या पोरानं जाहिरातीसाठी ठेवलेला. लोक हसले. पैलवानाला बोकड द्यावा, फेटा बांधावा. हे काय पोराटोरांचं खेळणं? शशिधरनं ते डबडं मुठीत धरून पाहिलं, आणि गाणी भरायला पारसच्या दुकानात गेला तेव्हा म्हणाला की गाणंबिणं काही नको, फक्त हलगी पाहिजे.

हलगी अशी कुठं विकत मिळणार? मग मैदानात हलगी वाजवणाऱ्या गुंडूलाच दुकानामागच्या बोळात उभा केला. पारसनं शशिधरला दाखवलं की बाजूचं बटण दाबून धरलं की आतलं वाजणं बंद होतं, लाल दिवा लागतो आणि समोरचा आवाज आत भरला जातो. गुंडूनं हातचं राखून काही ठेवलं नाही. दुकानाच्या काचा थरथरल्या. वाजवून झाल्यावर घाम पुसत गुंडू म्हणाला, "हलगी मैदानात वाजवायची असती पैलवान. खिशात न्हवं." शशिधर हसला आणि निघून गेला.

गुंडूचं बरोबर होतं. हलगीचा गुण एकच आणि अवगुणही तोच: ती ऐकणाऱ्याला विचार करू देत नाही. मैदानात ती कडाडते, रक्त उकळतं, जोड सुटली की थांबते आणि माणूस माणसात येतो. शशिधरनं ती सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत कानात घातली. डाव्या कानात यंत्राच्या वायरीची बोंडी बसेचना, पण उजव्यात चपखल बसली. जेवताना हलगी, चालताना हलगी, जोर काढताना हलगी. गावी गेला तेव्हा शिवम्माच्या ते पहिल्यांदा नजरेस पडलं. गळ्यातलं लिंग मातीत उतरताना तालमीतल्या खुंटीला अडकवतो, हे तिला आधीच सलत होतं. "अंगावरचं लिंग खुंटीला आणि हे डबडं कानाला?" ती म्हणाली. त्यानं ऐकलंच नाही. आईला तो अव्वा म्हणे; त्या अव्वाचे फक्त ओठ हलताना दिसले.

मग गंगावेशीत दूध कट्ट्यावरचा प्रकार झाला. तिथं म्हशी उभ्या असतात, ग्लास धरायचा आणि धार सरळ आत. शशिधर मधोमध उभा होता. मागच्या माणसानं दोनदा म्हटलं, पावणं जरा सरा. यानं ऐकलं नाही. तिसऱ्यांदा त्या बिचाऱ्यानं खांद्याला हात लावला. शशिधर वळला तो हात उगारूनच. माणूस म्हशीच्या पायात पडला, ग्लास फुटला आणि सांडलेल्या दुधात दोन दात पडलेले सगळ्यांनी पाहिले. म्हैस बिथरली, लोक पळाले, आणि शशिधरच्या कानात हलगी तशीच वाजत राहिली. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं होतं.

तालमीच्या वस्ताद बाळासोंनी स्वतः जाऊन हात जोडले. पोराच्या कानात ते यंत्र होतं, ऐकू आलं नसेल, असं म्हणून त्यांनी मिटवलं. त्या माणसानं तोंड धरून का होईना, मान्य केलं. शशिधर बाजूला उभा राहून हे बघत होता. ऐकू आलं नाही, एवढ्यावर दोन दात माफ होतात, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

तालमीत त्याचा जोडीदार होता कृष्णात, गगनबावड्याचा. अंगानं शशिधरपेक्षा बारीक, पण चपळ. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच पातेल्यातलं खायचे. आणि त्या वर्षात कृष्णात रोज शशिधरला पाडत होता. रोज. तेही हसत, वर हात देऊन उठवत. पाडणाऱ्यानं शिव्या घातल्या तर सोसता येतं. हसून हात दिला की तळपायाची आग मस्तकात जाते. खासबागेच्या आखाड्यात कुस्त्यांचं मोठं मैदान ठरलं आणि वस्तादांनी सांगितलं की तालमीतून एकच नाव जाणार. नाव कुणाचं, ते सांगायची गरज नव्हती. शशिधरनं आयुष्यभर त्या एका मैदानाचं स्वप्न बघितलं होतं आणि ते त्याच्या पातेल्यात जेवणारा माणूस घेऊन जाणार होता.

लाल मातीचा एक कायदा आहे. मैदानात जीव गेला तरी पकड सोडायची नाही, पण तालमीत सरावाला जोडीदार 'सोड' म्हणाला की पकड त्या क्षणी सुटली पाहिजे. एवढ्या भरवशावर पोरं एकमेकांच्या हातात मान देतात. हा कायदा मोडल्याचं त्या तालमीत कुणाला आठवत नव्हतं.

त्या दिवशी शशिधरनं कानाला कापडी पट्टी बांधली. दुखऱ्या कानाला पट्टी बांधतातच, म्हणून कुणाला शंका आली नाही. पट्टीत उजव्या कानामागं प्लेअर खोचला होता आणि हलगी सुरू होती. मातीत उतरताना ते यंत्र न्यायचं म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यातला प्रकार. पण त्याला वाटलं, हलगी कानात असली तर आज आपण कृष्णातला पाडू.

आणि खरंच पाडलं. पट काढून त्यानं कृष्णातला पालथा केला, पाठीवर बसला, मागून काखेतून हात घालून मानेवर पंजा दाबला आणि दुसऱ्या हातानं त्याचा उजवा दंड वर पिळायला घेतला. दोघांची डोकी एकमेकांना घासत होती. कृष्णातच्या तोंडात माती गेली. तो ओरडला. सोड म्हणाला. शशिधरनं आणखी जोर लावला. खांद्यात ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला आणि तरीही तो पिळतच राहिला, तोवर वस्तादांनी त्याच्या पाठीत काठी घातली.

तेव्हा तो उठला. कृष्णातचा हात पाठीवर उलटा पडला होता, कुणी दुसऱ्याचा आणून ठेवल्यासारखा. पोरं धावली. पट्टी सुटून प्लेअर मातीत पडला आणि वस्तादांना सगळं कळलं. त्यांनी शशिधरला तालमीच्या भिंतीशी उभं करून मारलं. काठी मोडली तेव्हा हातानं मारलं. नाकातून रक्त आलं, ओठ फाटला. शशिधरनं अंग चोरलं नाही. तो एकच बोलत राहिला, "हलगी वाजत हुती वस्ताद. ऐकू न्हाई आलं."

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की खांद्याच्या मुळाशी शिरा तुटल्यात, हात आता लोंबताच राहणार. तालमीतली पोरं शशिधरला फाडून खायला निघाली होती. त्यांना थांबवलं ते खाटेवरच्या कृष्णातनं. त्याच्या कानात हलगी होती, त्याला कुठलं ऐकू येतंय, जाऊ द्या, असं तो म्हणाला. ज्याचा हात गेला तोच असं म्हणतोय म्हटल्यावर बाकीचे गप्प बसले. कृष्णात गावी गेला आणि खासबागेसाठी नाव ठरलं ते शशिधरचं.

शशिधरनं स्वतःलाही तेच पटवलं. हलगी वाजत होती. दिवसातून दहा वेळा तो ते मनाशी म्हणायचा, आणि खऱ्या गोष्टीला इतक्या वेळा म्हणावं लागत नाही, हे त्याला कळत नव्हतं.

मैदान जवळ आलं तसा त्यानं माती पुसून बंद पडलेला प्लेअर दुरुस्तीला पारसच्या दुकानात नेला. पारसनं तो कॉम्प्युटरला जोडला आणि विचारलं की आत हलगीशिवाय आणखी एक काहीतरी भरलंय, तुम्हीच भरलं का? शशिधर म्हणाला नाही. कुस्तीत कुठंतरी बटण दाबलं गेलं असेल, असं म्हणत पारसनं बोंडी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उजव्या कानात घातली.

आधी नुसती घासाघीस. मग धापा. मग अगदी जवळून कृष्णातचा आवाज, "सोड." पुन्हा, "सोड, शशा." मग, "मोडंल लेका, सोड." आणि त्यावर एक दुसरा आवाज आला, जड, शांत. "दम काढ." तो आवाज त्याचा स्वतःचा होता. त्यानंतर कृष्णात चौथ्यांदा ओरडला आणि फांदी मोडली.

हलगी कुठंच नव्हती. बटण दाबलं गेलं तेव्हाच ती थांबली होती. कान मोकळा होता. त्यानं ऐकलं होतं, ऐकून उत्तर दिलं होतं, आणि मग हात मोडला होता. शशिधर दुकानातल्या स्टुलावर बसला, तर स्टूल मोडलं. पारस घाबरून मागं सरला. शशिधरनं बोंडी कानातून उपटली, प्लेअर उचलला आणि स्वतःची किळस येत तो दुकानाबाहेर पडला.

तरी तो लगेच बोलला नाही. मैदान डोळ्यांपुढं होतं. तालमीत आला तेव्हा बाहेरगावचे कुणी पाहुणे वस्तादांना टोचत होते, की जोडीदाराचा हात मोडणाऱ्याला तुम्ही खासबागेत उतरवता? वस्ताद त्यांना ठणकावून म्हणाले, "पोराचा कान बंद हुता. मोकळा असता तर त्यानं सोडला असता. माझ्या मातीतलं पोरगं हाय ते." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण हे चांदणं नव्हतं, भर उन्हाचा चटका होता. शशिधर पुढं झाला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की कान मोकळा होता, आपण ऐकलं होतं. प्लेअर त्यानं वस्तादांच्या हातात दिला. वस्तादांनी बोंडी कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं.

या वेळी त्यांनी हात उचलला नाही. शशिधर मान खाली घालून माराची वाट बघत राहिला आणि मार काही आला नाही. वस्तादांनी खुंटीवरच्या लिंगाकडं बोट केलं. "ते घाल गळ्यात आणि जा. हितनं फुडं या मातीत पाय ठेवू नकोस." खासबागेत त्या वर्षी तालमीचं नावच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं गगनबावड्याला गेला. धुकं उतरलेलं, अंगण निसरडं. कृष्णातची आई बयाबाई त्याला बघून चहा ठेवायला आत गेली. पोराचा जोडीदार म्हणून तिनं त्याला कितीदा वाढलं होतं. कृष्णात ओसरीवर उजवा हात गळ्यात बांधून बसला होता. शशिधरनं उभ्या उभ्याच सांगितलं. ऐकू आलं होतं, मी सोडलं नाही.

"म्हाईत हाय," कृष्णात म्हणाला. "दम काढ म्हणालास की मला."

 मग वस्तादांना का नाही सांगितलंस, असं शशिधरनं विचारलं. कृष्णातनं सांगितलं की हात तर गेलाच होता. बोललो असतो तर वस्तादांनी तुला त्याच दिवशी हाकलला असता, मग मैदानाला कोण? दोघांतला एक तरी खासबागेत उतरावा, एवढंच डोक्यात होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याचा हिशेब एवढाच होता आणि तो त्यानं दात खाऊन पाळला होता. मग त्यानं शशिधरच्या गळ्यातल्या लिंगाकडं पाहिलं, मैदान कधी आहे म्हणून विचारलं, आणि शशिधरनं काल तालमीत काय झालं ते सांगितलं.

कृष्णात उठला. "सांगून आलास?" तो म्हणाला. "माझा हात फुकट घालवलास?"

आणि त्यानं डाव्या हातानं मारलं. उघडा पंजा, सगळं वजन मागं घेऊन, बरोबर उजव्या कानावर. एकदा, दोनदा, आणि मग मोजायला कुणी शुद्धीवर नव्हतं. शशिधर ओसरीवरून खाली चिखलात गेला, तर कृष्णात खाली उतरून मारत राहिला. लोंबता हात गळपट्टीतून सुटून मधेच आपटत होता. कानातून रक्त मानेवर उतरलं. शशिधरनं हात वर केला नाही, सोडही म्हणाला नाही. बयाबाईनं चहाची किटली टाकून पोराला मागं ओढलं, तेव्हा कृष्णात रडत होता आणि तोंडानं सोड, सोड म्हणत होता. कुणाला म्हणत होता, ते त्या माउलीला समजलं नाही.

शशिधरनं जाताना प्लेअर ओसरीवर ठेवला. शिवम्मानं त्या सुजल्या कानाला हळद लावली आणि डॉक्टरकडं चल म्हणून हात धरून ओढलं, पण तो गेला नाही. रक्त आतच साकळलं आणि महिन्याभरात उजवा कान डाव्यासारखाच टणक गोळा झाला. आता तो गडमुडशिंगीत अव्वाच्या म्हशींचं बघतो. नवखी माणसं दोन्ही कान फुटलेले बघून विचारतात, पैलवान, हे कुठल्या मैदानात? तो त्यांना गगनबावडा म्हणून सांगतो. तिकडं कसलं मैदान, असं ती म्हणतात, तोवर तो म्हशींकडं वळलेला असतो.

प्लेअर कृष्णातनं ठेवून घेतला. आतलं ते दुसरं त्यानं पुसून टाकलं, हलगी ठेवली. त्याचे दोन्ही कान चांगले आहेत. संध्याकाळी ओसरीवर बसून तो हलगी ऐकतो. ती चढायला लागली की त्याचा डावा हात मांडीवर शड्डू ठोकतो, आणि उजवा गळपट्टीत पडून असतो.