करवलीच्या हातात आमचं पिस्तूल

घरात परवान्याचं हत्यार असेल तर हे वाचाच.

आज सकाळी धाकट्या भावजींनी मित्राच्या लग्नासाठी आमची गाडी मागितली. आमच्याकडे कुणीही गाडी मागितली की "ने की" म्हणायची पद्धत. मी चावी दिली.

दुपारी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. आमच्या गाडीत नटूनथटून बसलेली करवली, आणि तिच्या हातात ह्यांचं पिस्तूल.

मी फोटो ह्यांच्यापुढं धरला. हे एवढंच म्हणाले, "भरलेलं हाय."

मी लगेच भावजींना फोन लावला. "गाडी बाजूला घ्या, पिस्तूल सीटवर ठेवायला सांगा आणि सगळे खाली उतरा." हे बुलेटवर गेले आणि पिस्तूल घेऊन आले.

"डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून लॉक केलतं की," हे म्हणाले.

लॉक होतं. पण ते गाडीच्याच चावीनं उघडतं. करवलीनं टिश्यू शोधायला तीच चावी लावून उघडलं.

संध्याकाळी गाडी परत आल्यावर मी ह्यांना घेऊन बावड्यातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडं गेले. सीटखाली लोखंडी पेटी बोल्टनं पक्की बसवली. कुलूप वेगळं, चावी फक्त ह्यांच्या खिशात. पेटी अडचणीपुरतीच, घरी आलं की पिस्तूल तिजोरीत.

"काय झालं न्हाय, मग एवढं कशाला?" हे कुरकुरले.

"त्या पोरीनं चाप ओढला असता, तर तिच्या आईला काय सांगितलं असतं?"



गाडी यापुढंही मागेल त्याला देणार. पण आधी मी स्वतः आत बघणार.

तुमची गाडी आत्ता कुणाकडं आहे? आणि तिच्यात काय आहे?