अस्वलाचं उद्याचं पान

पोलीस ॲक्शन होऊन निजामी गेली, त्यानंतरची गोष्ट. गुलमंडीतल्या फुटाणेवाल्याला रद्दीत कोट घातलेल्या अस्वलाचं जुनं इंग्रजी चित्रपुस्तक सापडलं. त्याच्या पुड्या न बांधता तो रोज एकच पान गाड्याला टाचायचा. अस्वल विहिरीत पडलं, की पुढं काय झालं ते बघायला गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हजर!

मी मोहल्ल्यातला कार्यकर्ता, चिडलो. मोहल्ल्याला नळ नाही, त्याबद्दलची आमची पत्रकं कुणी वाचत नाही, आणि अस्वलापुढं गर्दी? मी पत्रक पुढं केलं. "हे टाचा!"

त्यानं ते सावकाश वाचलं, फुटाणा तोंडात टाकला. "भाऊ, तुम्ही पहिल्याच ओळीत सगळं ओरडून मोकळे. उद्या माणूस कशाला येईल?"

पुढच्या पत्रकात नळ कुणी अडवला ते लिहिलंच नाही. "उद्या सांगतो" म्हटलं. दुसऱ्या दिवशी लोक मला शोधत आले. मी सापडलो फुटाण्याच्या गाड्यापुढं, अस्वलाचं आजचं पान बघताना.