पेवाचा वाद

परभणीच्या दवाखान्यातली ती डॉक्टरीणबाई कुणालाच "बरं होईल" म्हणत न्हाई. आधी कोटाच्या बाह्या वर सारते, "कसं हाय बाबा," म्हणते, अन् खरं तेवढंच सांगते.

माझ्या बायकोची गाठ औषधानं विरली अन् परत आली, तवा मी जाब विचारला.

"कसं हाय बाबा, मोठ्या गाठीच्या आत रक्त कमी पोचतं, ऑक्सिजन कमी पडतो. तिथल्या काही पेशी बियाण्यासारख्या असतात. कमी हवेत त्या आणखी चिवट होतात, औषधाला दाद देत न्हाईत. मागून त्याच परत गाठ धरतात."

मी म्हणलं, "खोटं. जमिनीतल्या ज्वारीच्या पेवात हवा नसती म्हणून किडा मरतो. बिनहवेचं कोण जगतंय?"

खाटेवरून बायको हसली. "सोडा बाई. लग्न झाल्यापासून हे कधी हरले न्हाईत."

बायको जाऊन आता वरीस होत आलं. तरी सोमवारी मी मानवतहून एसटीनं जातो, दवाखान्याच्या बाकावर बसतो अन् पेवाचा वाद काढतो. डॉक्टरीणबाई पुन्हा पहिल्यापासून सांगते. सांगताना माझ्या बायकोच्या गाठीला "आपल्या मावशींची गाठ" म्हणते, मावशी कशा हसायच्या तेही काढते. घरी बायकोचं नाव घेणारं कुणी उरलं न्हाई.

मला तर पहिल्याच दिवशी पटलं होतं. परवा लय थकलो होतो. म्हणायला लागलो, "बरं बाई, तुमचंच..."

तिनं हात वर करून मला थांबवलं. "एवढ्यात मानू नका बाबा. पुढच्या सोमवारी बघू."