धामेला न दिलेलं पुस्तक

खाकी कागदाला एक वास असतो. कोरा असताना तो नुसता कोरडा, भुशासारखा; पण वर्षानुवर्षं कपाटात राहिला की त्यात डांबरगोळीचा उग्रपणा, मांजरपाटाची खळ आणि वर्ध्याच्या पावसाळ्यांची ओल असं सारं मुरत जातं. मग एखाद्या दुपारी तो कागद पुस्तकाच्या पाठीवरून सोलायला घ्यावा, तर टर्रर्र अशा आवाजासरशी तो कोंडलेला गंध एकदम अंगावर येतो. असा वास मी एका दुपारी पोटभर घेतला आहे, आणि त्या दुपारनंतर सासूबाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नव्हत्या! सांगते, सगळं सांगते. पण आधी तुम्ही तुमच्या घरच्या फळीकडे एकदा बघा बरं.

काय आहे तिथं? जे काही असेल, त्याची लाज बाळगू नका. माणसाच्या बैठकीतला सोफा शेजाऱ्यांना पाहून घेतलेला असतो, पडदे पाहुण्यांसाठी असतात. फळीवरची पुस्तकं मात्र त्याच्या अंतरंगाचा कबुलीजबाब असतात. सावंगी मेघ्याला डॉक्टरकीच्या पोरींनी भाड्यानं घेतलेल्या खोल्या मी पाहिल्या आहेत. खिडकीत विटांसारखे जाडजूड ग्रंथ एकावर एक रचलेले, आणि त्या तटबंदीच्या मागं, भिंतीला चिकटून, कोपरे दुमडलेलं एखादं चिमुकलं कवितांचं पुस्तक. जाम गावच्या चौरस्त्यावर माझ्या मावसबहिणीचं चहाचं हॉटेल आहे. ट्रकांची धूळ अहोरात्र उडते, म्हणून ती आपली तीन पुस्तकं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, झाकण घट्ट लावून. तीनच! पण तो डबा ती शेजारणीला शेवया ठेवायलासुद्धा देत नाही. याला मी ग्रंथसंग्रह म्हणते. तुम्हाला म्हणायचं नसेल तर तुमची मर्जी.

आणि तो एक प्रश्न! घरात आलेला प्रत्येक तिसरा माणूस मान वाकडी करून विचारतो, एवढी सगळी वाचली काय हो? अहो, तुमच्या स्वयंपाकघरात पितळेची एवढी भांडी मांडलेली आहेत, ती सगळी आजच्या वरणाला लागली काय? काही भांडी रोजची असतात, काही सणाची, आणि एखादं आईच्या हाताची आठवण म्हणून नुसतं घासूनपुसून ठेवायचं असतं. पुस्तकांचंही तसंच आहे. न वाचलेलं पुस्तक म्हणजे घरात येऊन बसलेला, अजून तोंड न उघडलेला पाहुणा. तो उठून जावा असं कोणाला वाटेल?

हे असं तोंड वर करून मी आज बोलते आहे. पण नव्वदच्या दशकात लग्न होऊन वर्ध्याच्या बाजारपेठेत आले, तेव्हा माझ्या तोंडून ब्र निघत नव्हता. खाली सासऱ्यांचं कापडाचं दुकान, वर घर. माझे वडील पुलगावला रेल्वेत कारकून. दर वाढदिवसाला पोरीला एक पुस्तक द्यायचं, एवढी एकच चैन त्या गृहस्थानं आयुष्यभर केली. त्यामुळं माझ्या सोबत आलेल्या ट्रंकेत साड्या कमी आणि पुस्तकं जास्त होती. सासरच्या बैठकीत काचेचं शोकेस होतं. वरच्या फळीवर कधीही चहा न प्यालेला चिनी मातीचा टीसेट, मधल्या फळीवर प्लॅस्टिकची फुलं आणि बाहुली, खालच्या फळीवर घरच्या पोथ्या. त्या पोथ्यांशेजारची जागा सासूबाईंनी मला दिली. दिली म्हणजे उदारपणानंच दिली, खोटं कशाला बोलू? पण अट घातली. म्हणाल्या, “येनारं-जानारं पाह्यते वो. लोक काय म्हनतीन, कापडवाल्यायची सून कादंबऱ्या वाचून राह्यली! कागद लावून ठेवजो.”

कागद होता दुकानातला. गिरणीतून कापडाच्या गाठी यायच्या, त्यांना आतून खाकी कागदाचं अस्तर असे. तो जपून घडी करून ठेवलेला. तुम्ही म्हणाल, कापडाचं घर, मग पोथीला तरी तांबड्या खणाचं बासन असेल की नाही? छे! विक्रीच्या कापडाचा ताजा थान घरच्या कामासाठी कापायचा नाही, हा आमच्या दुकानाचा पिढीजात नेम. त्यामुळं देवाच्या पोथ्यांनासुद्धा खाकी कागदच. माझ्या पुस्तकांनाही तोच. वर नाव लिहायची सोय नव्हती. नाव लिहिलं तर मग झाकायचं कशाला? अशा रीतीनं संतवाणी आणि संसारकथा, स्तोत्रं आणि प्रेमप्रकरणं एकाच गणवेशात, एकाच फळीवर, मुकाट्यानं शेजारी शेजारी बसली. मी जाडी चाचपून, कोपऱ्याची दुमड ओळखून माझं पुस्तक काढत असे. दुपारी सगळे लवंडले की वाचायचं, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की मिटायचं. शिकल्यासवरल्या बाईनं आपल्याच घरात आपलंच पुस्तक चाचपून ओळखावं! आज आठवलं तरी माझा संताप होतो; त्या घराचा कमी, माझाच जास्त.

लग्नानंतर पाच वर्षांनी वडील गेले. जाण्याआधीच्या वाढदिवसाला त्यांनी एक कादंबरी दिली होती. नाव सांगत नाही. तुमच्या आवडीचं एखादं तिथं ठेवून घ्या. एका हट्टी बाईची गोष्ट होती, एवढं पुरे. पहिल्या पानावर त्यांनी निळ्या शाईनं, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: ‘चि. सुमनला, वाचत राहा. तुझे बाबा.’ त्यांना पत्रं लिहायची सवय नव्हती. पुलगाव-वर्धा अंतर ते किती, म्हणून स्वतःच गाडीत बसून यायचे. आधीच्या पुस्तकांवर ते काहीच लिहीत नसत. म्हणजे त्यांच्या हाताची जगात उरलेली अक्षरं एवढीच, त्या एका पानावर, खाकी कागदाच्या आत.

वडिलांच्या पश्चात पहिला दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे पाटावर दुकानाची मीटरपट्टी, कैची आणि पोथी मांडून पूजा होते. पूजा करायचे माझे सासरे, मामाजी. गंभीर, अल्पभाषी, सचोटीचा माणूस. पण चष्मा फक्त दुकानात लावायचा, देवापुढं नाही, असा त्यांचा आपला एक हट्ट. त्या दिवशी त्यांनी स्वतःच शोकेसमधून पोथी काढली. मी स्वयंपाकघरात पुरणाला चिकटलेली. मामाजींनी पहिलं पान उघडलं, आणि कोणतीही नवी वही उघडावी तसा, ओल्या कुंकवानं करंगळीशेजारच्या बोटानं त्यावर ठसठशीत ‘श्री’ काढला. हळद वाहिली, सोनं म्हणून आपट्याचं पान ठेवलं, नमस्कार केला. आम्हीही सगळ्यांनी ओळीनं नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी पूजा उचलताना सासूबाईंचा हात थबकला. त्या एकेक अक्षर लावून वाचत होत्या, “चि. सुम-न-ला... अवो, हे पोथी नोहे! हे इचं पुस्तक हाय!” मी धावत आले. माझ्या बाबांच्या निळ्या अक्षरांच्या अगदी खाली तो लालभडक श्री उमटलेला. मामाजी खांबासारखे उभे. हसू नका हो. त्या क्षणी घरात कोणालाच हसू आलं नव्हतं. कापडवाल्याची सारी हयात वाण ओळखण्यात गेली, आणि त्याच्याच हातून देवापुढं वाण बदललं होतं.

मग शास्त्रार्थ सुरू झाला. पूजलेली वस्तू रद्दीत देता येत नाही. श्री काढलेली कादंबरी शोकेसमध्येही ठेवता येत नाही, तो देवाचा अपमान. तोडगा सासूबाईंनीच काढला. घरात जीर्ण झालेल्या दोन पोथ्या आणि फुटक्या काचेची तसबीर होतीच, त्यांच्यासोबत हेही पवनारला नेऊन धाम नदीत सोडून द्यायचं. “पान्यात गेलं म्हन्जे दोष राह्यत नाई,” त्या म्हणाल्या. त्यात दुष्टावा तिळभर नव्हता. उलट ते पुस्तक रद्दीच्या तराजूत पडू नये, त्याला सन्मानानं निरोप मिळावा, अशीच त्यांची भावना होती. पण माझ्या बाबांचा हात त्या पानावर होता हो! त्याला मी निरोप कसा देणार?

मी इतकंच म्हणाले की मामाजींसोबत मीही जाते. पवनारच्या एसटीत ते फडक्याचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं. मामाजी पुढच्या सीटवर, पाठ माझ्याकडे. आता तुम्हाला वाटेल, गाठ सोडून पुस्तक पदराखाली घालायला कितीसा वेळ लागतो? माझाही हात गाठीपर्यंत गेला, खोटं नाही सांगत. आणि तिथंच थांबला. चोरून वाचवलेलं पुस्तक मी ठेवणार कुठं? पुन्हा खाकी कागदातच ना? पुन्हा चाचपून काढायचं, पुन्हा जिन्यावर पाऊल वाजलं की मिटायचं? बस झालं, मी मनाशी म्हणाले. जे माझं आहे ते मी चोरीनं घेणार नाही.

पाऊस नुकताच उघडला होता. धाम दोन्ही काठ धरून, गढूळ अंगानं वाहत होती. पैल उतारावर आश्रमाची झाडं स्वच्छ धुतलेली. मामाजींनी पायऱ्यांवर वहाणा काढल्या, तसबीर सोडली, दोन्ही पोथ्या सोडल्या, आणि तिसऱ्यासाठी हात पुढं केला. मी पुस्तक छातीशी धरून वरच्याच पायरीवर उभी राहिले. म्हणाले, “मामाजी, हे मी सोडत नाई. तुमी यावर श्री काढला ना? मंग काढलेला श्री कोनी पान्यात बुडवते काय? आन् त्याच्यावर माह्या बाबायचं अक्षर हाय. ते मले दुसरीकडे कुठी भेटन?”

सुनेनं सासऱ्याला असं विचारायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. मामाजींना तर ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. देवाच्या कामात पहिल्यांदाच! माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, पहिलं पान उघडलं, बाबांची ओळ वाचली, आपला श्री पाहिला. “तुह्या बापाचं अक्षर केवढं सुरेख वो,” ते म्हणाले. “अन् माह्यं पाह्य, केवढं वाकडं आलं!” पुस्तक माझ्या हातात परत देऊन ते वहाणा घालू लागले. जाता जाता इतकंच म्हणाले, “ठेव. पन सासूले तूच सांगजो.”

सांगितलं. तोंडानं सांगितलं नाही, हातानं सांगितलं. घरी आल्या आल्या शोकेससमोर बैठक मारली आणि माझ्या प्रत्येक पुस्तकाचा खाकी कागद टर्राटर्रा फाडून काढला. हाच तो वास, हाच तो आवाज! तांबडी, हिरवी, जांभळी मुखपृष्ठं इतक्या वर्षांनी उजेडात आली आणि काचेआड नावं बाहेर करून उभी राहिली. मध्यभागी हट्टी बाईची कादंबरी. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “लयच मनाची झाली तू,” एवढं बोलून त्यांनी जमिनीवरचे कागदाचे तुकडे गोळा केले, घड्या घातल्या आणि आत नेले. नंतरचे चार दिवस अबोला. त्या रात्री मामाजी दुकानातून वर आले, शोकेसपुढं थांबले आणि कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “थान गुंडाळून ठेवला त गिऱ्हाइकाले काय दिसन?” जेवायला बसले. विषय संपला.

संपला असं मला वाटलं होतं. पुढच्या दसऱ्याला पाट मांडला, मीटरपट्टी ठेवली, कैची ठेवली, आणि सासूबाईंनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, “सुमन, तुह्या बापाची पोथी आन वो!” मी पुरणाचा हात तसाच घेऊन चौकटीत उभी राहिले. त्या माझ्याकडे न पाहता अक्षता मोजल्यासारखं करत होत्या. त्यानंतर दर दसऱ्याला, दुकान होतं तोवर आणि दुकान उठल्यावरही, ती कादंबरी पाटावर बसते आहे. कादंबरीतली ती हट्टी बाई ऐकेल तर हसून लोळेल. पण बसते आहे.

आता दोन हजारचं दशकही सरत आलं. मामाजी गेले, सासूबाई गेल्या. परवा सुतार आला होता. भिंतभर टीव्ही लावायचा, म्हणून टेप लावून मोजमाप करत होता. शोकेसवर बोट ठेवून म्हणाला, “काकू, हे काढा लागन. पुस्तकं आता कोन ठेवते?” मी म्हटलं, “मी ठेवते. तुह्या टीव्हीले दुसरी भिंत पाह्य.” तो गेल्यावर मी काच सरकवली आणि पुस्तक काढून पहिलं पान नाकाशी नेलं. इतकी वर्षं कागदाविना राहूनही तो खाकी वास पुरता गेलेला नाही, आणि कुंकवाचा लाल रंग झिरपत झिरपत पुढच्या पानांत, त्या हट्टी बाईच्या गोष्टीपर्यंत पोचला आहे. पानावर वर एक सुरेख अक्षर आहे, खाली एक वाकडं. दोन्ही हात आता या जगात नाहीत. मी पुस्तक जागेवर ठेवलं, नाव बाहेर करून, आणि काच थोडी उघडीच राहू दिली.