नावाचे पैसे वेगळे सांगा

नाना दुकानात शिरले की कोणतीही वस्तू पुढून पाहत नसत. थेट तिच्या मागे जात. समोर चकचकीत लाकडाचे, कमरेएवढे उंच स्पीकर उभे असायचे, दुकानदार "बसा, आधी ऐका तरी" म्हणायचा, आणि नाना भिंत आणि स्पीकर यांच्या फटीत शिरून पाठीमागच्या भोकात टॉर्च मारायचे. आतल्या चुंबकावर कोणत्या कंपनीचं स्टिकर आहे, ते त्यांना वाचायचं असे.

नाना म्हणजे माझे घरमालक. पाथर्डीहून नगरला इलेक्ट्रॉनिक्स शिकायला आलो, तेव्हा त्यांच्या वरच्या खोलीत मला जागा मिळाली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. "तू चल बरोबर, तू त्यातला आहेस," असं नाना म्हणाले तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पुण्याच्या पहिल्याच दुकानात कळलं, की त्यांना स्पीकर पुढे सरकवायला माणूस हवा होता.

त्यांना एकच गोष्ट ऐकायची होती. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तार छेडल्यावर तिच्यातून उठणारा तो बारीक झंकार. तरुणपणी मैफलीत पहिल्या रांगेत बसून ती त्यांनी ऐकली होती. घरच्या जुन्या टेपवर ती कधी नीट आलीच नाही. निवृत्तीनंतर चांगला संच घ्यायचा, हे ठरलेलं होतं, पैसेही बाजूला ठेवलेले होते. घाईचं कारण कानांचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बारीक आवाज आधी जातील, मग बाकीचे. "तेवढी जवारी एकदा ऐकू दे, मग कान गेले तरी तक्रार नाही," असं नाना म्हणायचे.

आणि तरीही ते घेत नव्हते! मला आजही याचाच राग येतो.

त्यांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, खरेदी विभागात गेली. तिथे ट्रान्सफॉर्मरसाठी तांब्याची तार गुंडाळली जायची. तयार माल दुसऱ्यांकडे जायचा, त्यांची पाटी लागायची आणि मोठ्या नावाने विकला जायचा. "आमच्या बायकांची बोटं सोलून निघायची," नाना सांगायचे, "आणि जाहिरातीत काय, तर परदेशी कारागिरी!" त्यामुळे प्रत्येक महाग वस्तूत त्यांना कुणाची तरी सोललेली बोटं दिसत.

पहिल्या दुकानातला संच खरंच सुंदर होता. मला शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही, पण गायकाने श्वास घेतला तोसुद्धा ऐकू आला. नाना डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते. मला वाटलं, झालं, घेतला. तेवढ्यात ते उठले आणि मागे गेले.

"शहा, स्पीकरवर नाव यांचं, आतला पडदा आणि चुंबक दुसऱ्याचं. ॲम्प्लिफायरमधलं सर्किट तिसऱ्याचं. खोकं कुणी केलं?"

"काका, हल्ली सगळेच बाहेरून घेतात," दुकानदार शहा म्हणाले. "शेवटी ब्रँडला किंमत असते."

"असू दे ना. मग नावाचे पैसे वेगळे सांगा. बिलात वेगळी ओळ टाका."

शहांनी माझ्याकडे पाहिलं. मी धीर करून म्हणालो, "नाना, भाग दुसऱ्याचे असले तरी कुठला भाग घ्यायचा, कसा जोडायचा, खोक्याचं माप काय, हे त्यांनीच ठरवलं. आवाज त्याच्यामुळंच हाय." घाबरलो की मी घरच्यासारखा बोलतो.

"बरं हाय," नाना हसून म्हणाले. "मग ठरवायचे किती आणि नावाचे किती?"

ते कुणालाच सांगता आलं नसतं. आम्ही एसटीने परत आलो.

असं वर्षभर चाललं. पुणे झालं, नाशिक झालं. प्रत्येक परतीच्या प्रवासात ते कबूल करायचे, "आवाज मात्र पहिल्या दुकानातला." मी म्हणायचो, मग तोच घ्या. ते म्हणायचे, "पाटीला पैसे मोजायचे नाहीत मला." नानांची बायको, माई, दारातच विचारायच्या, "आज कुणाचं पोट फाडून आलात?" आणि माझ्याकडे वळून, "मला बघायला आले तेव्हा मागे जाऊन टॉर्च मारली नाही, एवढंच माझं नशीब."

मग नाना हळूहळू प्रत्येक वाक्य दोनदा विचारू लागले. फोनची घंटा ऐकू येईना. चिमण्या कुठे गेल्या, असं एकदा म्हणाले. चिमण्या समोर कुंडीवर होत्या. माईंनी शहांना फोन केला आणि पहिल्या दुकानातला तो संच मागवला.

शेवटची परीक्षा संपली आणि मी सामान बांधून किल्ली द्यायला खाली गेलो, तेव्हा तो दिवाणखान्यात वाजत होता. नाना स्पीकरच्या लाकडावर तळहात टेकून बसले होते. मला पाहून त्यांनी शेजारची जागा दाखवली.

"तंबोराच लावलाय. मला नुसती घरघर लागतेय हाताला. जवारी येतेय का रे?"

"येतेय!" मी ओरडून सांगितलं.

"कशी येतेय?"

मी ऐकलं. इतकं स्वच्छ येत होतं, की मला रडू यायला लागलं आणि त्यांचा संतापही आला. वर्षभर हे इथे वाजू शकलं असतं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "मोहोळाजवळ कान नेल्यासारखी."

नानांनी मान हलवली.

"मोहोळ नाही रे. त्याच्याहून बारीक असते. नीट ऐक."

मी पुन्हा ऐकलं. त्याच्याहून बारीकच होती.