आमच्या विभागातली स्वच्छ हवा

घनकचरा विभागात वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला पंगतीत शेजारी बसवू नये. लोकांचा मठ्ठा संपतो, याचे किस्से संपत नाहीत. सांगताना मलाही हसू येतं आणि घरी गेल्यावर स्वतःचाच राग येतो. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, करता काय!

*

शहराची हवा स्वच्छ करायचा आराखडा एका कन्सल्टंटनं करून दिला. जाडजूड, गुळगुळीत कागद. चाळायला घेतला तर सातवं प्रकरण 'समुद्रकिनाऱ्यावरील कचऱ्याचे व्यवस्थापन'! आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि म्हणे समुद्र!

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "राहू द्या. पानं कमी दिसली तर वर मंजुरी अडते."

मंजूर झाला, समुद्रासकट.

*

त्याच दिवशी हणमंत मामा अर्ज घेऊन आले. मामा चाकूरकडचे, कचरा डेपोवर वॉचमन. डेपोच्या कडेलाच पत्र्याच्या खोलीत नवरा-बायको राहतात. ढीग आतून बारा महिने धुमसतो आणि मामींचा दमा वाढतच चाललेला. अर्ज दोन ओळींचा: आग विझवा, नाहीतर माझी बदली करा.

साहेब म्हणाले, "मामा, आराखड्यात सगळं आहे. पाच वर्षांचं नियोजन आहे."

"तिनं एवढा उन्हाळा काढला तरी लई झालं, सायब."

अर्ज माझ्या फायलीत आला.

*

घंटागाड्या गल्लोगल्ली जातात का ते बघायला प्रत्येक गाडीला जीपीएस लावलं. स्क्रीनवर गाड्या नुसत्या पळत होत्या. साहेब खूश!

एकदा आमचा ड्रायव्हर नरसिंग, देगलूरचा, मोटारसायकलवर दिसला. हँडलला पिशवी आणि पिशवीत सहा गाड्यांची जीपीएस यंत्रं!

"अरे, हे काय?"

"गाड्याला डिझेल न्हाई, भाऊ. पण स्क्रीन तर फिरायला पायजे का न्हाई?"

*

मग हवा मोजायचं मशीन आलं. ते बसवलं कुठं, तर गावाबाहेरच्या रोपवाटिकेत, गुलाबांच्या मधोमध. मामा तेव्हा अर्जाची चौकशी करायला आले होते. म्हणाले, "डेपोवर का न्हाई लावलं? धूर तर तिथं हाय."

इंजिनिअर समजावून सांगू लागला, "धुरानं मशीन खराब होतं, मामा. नाजूक असतं."

"हाव. मशीनला जपायलाच पायजे," मामा म्हणाले आणि निघून गेले. मला मान वर करून बघवलं नाही.

*

तपासणी समिती यायची ठरली. डेपोच्या दर्शनी ढिगावर मुरूम टाकला, वर तयार हिरवळ अंथरली, कुंड्या मांडल्या. समिती आली तर हिरवळीतून धूर!

साहेब डगमगले नाहीत. "धुकं आहे, सर."

एप्रिल महिना, दुपारचे बारा! समितीच्या साहेबांनी नाकावर रुमाल धरून मान हलवली आणि जेवायला निघाले. अहवाल आला: डेपो शास्त्रोक्त पद्धतीने बंद, जागेवर उद्यान विकसित.

*

मग साहेबांनी मामांचा अर्ज निकाली काढायला सांगितलं. उत्तर मीच टाइप केलं, खोटं कशाला सांगू? "सदर ठिकाणी कचरा डेपो अस्तित्वात नसल्याने आपल्या बदलीचा प्रश्न उद्भवत नाही."

मामा पत्र न्यायला आले. मामी आठ दिवसांपासून सरकारी दवाखान्यात, ऑक्सिजनवर. चष्मा तिकडंच राहिला म्हणून मलाच वाचायला लावलं. मी वाचलं. मामांनी कागद मागून घेतला, नीट घडी केली, खिशात ठेवला.

"बरं झालं, भाऊ. डॉक्टर रोज विचारायलेत, बाई कुठल्या धुरात राहती म्हणून. आता हा कागद दाखवतो त्यांना."