उकळबाई

कोणी काहीही मोठं सांगितलं की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "उकळून पाहिलंत?" कॅन्टीनमध्ये एकजण म्हणाला, "नवे साहेब फार शांत आहेत हो." बाईंनी कपातून तोंड न काढता तेच विचारलं. आमच्या संशोधन संस्थेत त्यांचं नाव उकळबाई पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

माझ्या शेजारच्या खोलीत त्या रक्तातल्या भक्षक पेशींवर काम करत. विद्यार्थ्यांना सांगत, "मंडईत कोणी 'पाकीटमार' म्हणून ओरडलं की पाकीट न बघताच सगळे धावतात ना? ही पेशी तशीच. जंतू जिवंत आहे की मेलेला, तिला देणंघेणं नाही. त्याच्या आवरणाचा कपटा हाताला लागला की आत निरोप गेला, जनुकं जागी झाली आणि बाहेर बोंब. ताप, सूज, लाली, सगळं त्या बोंबेचं."

मी तेव्हा एका रानवेलीतून प्रथिन वेगळं केलं होतं. भक्षक पेशींवर त्याचा थेंब टाकला की त्या खवळून उठत. नवं औषध हाती लागलं असं मला वाटत होतं. शोधनिबंध स्वीकारला गेला, पेढेही वाटून झाले. बाईंनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "थोडं प्रथिनही द्या."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि आधी दार लावून घेतलं.

"डॉक्टर, तुमचं प्रथिन मी उकळून मारलं. पेशी अजून बोंबलताहेत."

मी खाली बसलो. उकळल्यावर प्रथिन निकामी होतं. जंतूंच्या आवरणाचे कपटे मात्र तसेच टिकतात. म्हणजे पेशी खवळत होत्या त्या माझ्या शोधामुळे नव्हे, त्यात मिसळलेल्या घाणीमुळे.

"पाणी कुठलं वापरलंत?"

मी कोपऱ्यातल्या कॅनकडे बोट दाखवलं. बाईंनी आत डोकावून पाहिलं आणि झाकण लावलं. "निबंधाचं काय ते तुम्ही ठरवा. मी कोणाला बोलणार नाही."

मी निबंध मागे घेतला. बैठकीत संचालक म्हणाले, "स्वतःची चूक स्वतः शोधणारा माणूस." टाळ्या पडल्या. समोर बाई चष्मा पुसत होत्या. मी तोंड उघडलं नाही. पुढे प्रत्येक व्याख्यानाआधी माझी ओळख त्याच वाक्याने होत राहिली, आणि प्रामाणिकपणाचं ते कौतुक मी मुकाट्याने खात राहिलो.

अखेर त्यांच्या कर्वेनगरच्या घरी गेलो. बाई फार थकल्या होत्या. म्हटलं, "बाई, तुमचं श्रेय मी घेतलं, ते अजून मनातून जात नाही."

"इतकी वर्षं उकळून टिकलंय? मग बाहेरून आलेली घाणच असणार. पाणी बदला." मग हसून म्हणाल्या, "आणि चहा घ्या. हे पाणी चांगलं आहे."

मागच्या महिन्यात त्या गेल्या. शोकसभेत सूत्रसंचालकाने माझी ओळख पुन्हा तशीच करून दिली. मी उभा राहिलो. "निबंध मागे घेतला मी. चूक शोधली होती बाईंनी. हे मी कधीच सांगितलं नाही."

मग मागच्या रांगेतून एका जुन्या सहकाऱ्याचा आवाज आला, "उकळून पाहिलंत?"

लोक हसले. मीही हसलो.

म्हटलं, "इतकी वर्षं तेच करतोय."